बाहुली आधी उभी राहू द्या



बाहुल्यांच्या चलच्चित्राविषयी आज मी आपणांशी चार शब्द बोलणार आहे. बाहुली किंचित हलवावयाची व एक छायाचित्र घ्यावयाचे. पुन्हा हलवावयाची, पुन्हा घ्यावयाचे. ही चित्रे भराभर दाखविली म्हणजे बाहुली चालू लागते. यालाच ‘स्टॉप-मोशन’ म्हणतात. थांबून थांबून चित्रे टिपण्याचे हे तत्त्व आपणांस परके नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशाच रीतीने टिपली होती. आज मोबाइलमुळे कॅमेऱ्याची अडचण फारशी उरलेली नाही. खरे काम आहे ते पात्र घडविण्याचे.

प्रथम माझीच चूक सांगतो. शाळेवर असताना चौथीच्या वर्गासाठी मी शेतकरी आजोबांची बाहुली केली. शाडूचे मुख, कापसाच्या मिशा, लाल पागोटे. तीन रात्री त्यात गेल्या. वर्गात चित्रण सुरू झाले आणि हात उचलताच आजोबा कोसळले. दहा चित्रांत ते सहा वेळा पडले. एरवी कधीही न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आजोबांचं डोकं लई जड हाय, अन् पायात जीवच न्हाई.” दुसऱ्या दिवशी तिने तारेचा बैल करून आणला. त्यास ना डोळे, ना रंग. परंतु ठेवाल तेथे तो उभा राही. आमचे चित्र अखेर त्या बैलाचेच झाले.

तिच्या वाक्यात या कलेचे मर्म आहे. पात्राने काय करावयाचे आहे, हे आधी ठरवा. पेरणी करणाऱ्यास कंबर वाकली पाहिजे. गोष्ट ऐकणाऱ्या आजीस मान वळली तरी पुरे. मग वीतभर उंचीचे चित्र कागदावर काढा व त्यावरच तार ठेवून सांगाडा वळवा. तार ॲल्युमिनियमची, मऊ आणि दुहेरी पिळलेली असावी. लोखंडी तार वाकविल्यावर मागे उसळते. कोपर व गुडघा मोकळे ठेवून मधल्या भागांवर बांबूची बारीक कामटी दोऱ्याने आवळा, म्हणजे अवयव सांध्यातच वाकेल. वारंवार वाकवून तार तुटतेच. म्हणून हात बदलता येतील असे बसवा. तारेची टोके आत वळवून चिकटपट्टीने झाका. अंगास चिंध्या गुंडाळा. डोके कागदाच्या लगद्याचे, पोकळ व हलके करा. पाऊल रुंद असावे आणि त्यातून टाचणी थर्मोकोलच्या तळात रोवावी.

मुखाची चिंता शेवटी करा. चेकोस्लोव्हाकियाचे थोर बाहुलीपटकार यिर्झी त्रन्का (१९१२–१९६९) यांच्या बाहुल्यांचे रंगविलेले मुख बहुधा बदलत नसे. मानेचा कल, देहाची ठेवण आणि प्रकाश यांतूनच आनंद व दुःख उमटे.

एका सेकंदास बारा चित्रे धरली, तरी अर्ध्या मिनिटास ३६० चित्रे लागतात. तेवढ्या वेळा मुलांचे हात बाहुलीस लागणार! म्हणून ती नाजूक नव्हे, सोशिक हवी. खिडकीचा उजेड ढगागणिक बदलतो. यास्तव खिडकी लावून एकच दिवा ठेवावा.

आता दुसरी चूक कबूल करतो. अधिकारी झाल्यावर मी त्या मुलीचे वाक्य विसरलो. शाळाभेटीत कपाटातील सुबक बाहुल्यांनाच शाबासकी देत गेलो. त्या गुरुजींनी अथवा बाईंनी रात्री जागून केल्या आहेत, हे मला दिसत होते. तरीही मी वहीत चांगला शेरा लिहिला. त्या शेऱ्यांनी मुलांच्या हातचे काम काढून घेतले, असे मला आज वाटते.

यापुढे मी आपल्या शाळेत येईन, तेव्हा बाहुलीचे मुख पाहणार नाही. ती टेबलावर उभी करीन, तिचा हात उचलीन आणि विचारीन, “ही कोणी केली?” उत्तर देण्यास एखादे मूल पुढे आले, तर बाहुली वेडीवाकडी असली तरी माझा शेरा उत्तमच असेल.