आर्नोकाठची छत्री



आमच्या वेळापुरात दरवर्षी आषाढीच्या आधी माउलींची पालखी मुक्कामाला येते. वारकरी धावा करीत गावात येतात, राहुट्या पडतात, चुली पेटतात. दिंडीच्या विणेकऱ्यांना आणि व्यवस्थापकांना मी लहानपणापासून जवळून पाहिलं आहे. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो. प्रवास पायांनी होतो, पण त्याआधी तो वहीत होतो. विसावा कुठं, जेवण कुठं, पाण्याचा टँकर कुठं, थकलेल्यांनी ट्रकमध्ये कधी बसायचं, हे सगळं आधी लिहिलेलं असतं. म्हणून तर एवढा लोकसागर पंढरपूरला वेळेवर पोहोचतो.

सध्या मीही अशी एक वही घातली आहे. मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, तुम्ही आणि अम्मी या. तीन दिवस कुठंतरी फिरून येऊ. नदीकाठची एखादी जुनी राजधानी निवडा. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, काहीही.’’

मी म्हणालो, ‘‘फ्लॉरेन्स.’’

‘‘अब्बा, इटलीची राजधानी रोम आहे!’’

‘‘आज आहे. 1865 ते 1871 या काळात फ्लॉरेन्स होती. आणि त्याच काळात आपला एक मराठी राजा तिथं वारला.’’

श्रोतेहो, ही गोष्ट कोल्हापूरकरांना ठाऊक असेल. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे करवीरचे दुसरे राजाराम, 1870 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. वय अवघं वीस. रोज इंग्रजीत डायरी लिहायचे. पुढं 1872 मध्ये ती लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी गेले. त्या शहरात उघड्यावर दहन करण्याची रीत नव्हती. तरीही शहराच्या कारभाऱ्यांनी परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री चिता रचली गेली आणि हिंदू पद्धतीनं महाराजांचे अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथं छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकार तेच. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे आणि चार भाषांतले लेख आहेत. ज्या बागेत ही जागा आहे तिचं नाव काशीने. नावात काशी यावी हा निव्वळ योगायोग, पण ऐकताना अंगावर काटा येतो. जवळच 1978 मध्ये झालेल्या पुलालाही लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणूनच ओळखतात.

आमच्या माळशिरस तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमेचा संगम आहे. संगमावर अस्थी घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून त्या परक्या संगमावरची ती रात्र मला फार दूरची वाटत नाही.

पण आमच्या घरात मतभेद झालेच. बेगम म्हणाली, ‘‘अहो, आयुष्यात एकदा युरोपला जायचं, तीनच दिवस हातात, आणि त्यात स्मशान बघायचं?’’ मी गप्प बसलो. वही मिटून ठेवली.

आता आधी बाकीचं नियोजन सांगतो, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल. शेंगेन व्हिसाचा नियम असा की, ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा. आमचे जास्त दिवस मुलीकडं, म्हणून अर्ज जर्मनीकडं. प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. म्युनिकहून रेल्वेनं आल्प्स ओलांडून बोलोन्याला उतरायचं आणि तिथून दुसऱ्या गाडीनं फ्लॉरेन्स. स्टेशन शहरातच आहे.

उफ्फीत्सी हे मोठं चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ जिथं आहे ते आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. म्हणून आमचे तीन दिवस गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिकिटं आधीच काढायची. एका दिवसात एकच संग्रहालय, हा माझा नियम. दुसऱ्या संग्रहालयात डोळे पाहतात, पण मन बाहेरच्या बाकावर बसलेलं असतं. ब्रुनेलेस्कीचा घुमट 1436 मध्ये पूर्ण झाला. वर जायला 463 पायऱ्या आहेत. बेगमचे गुडघे पाहता तो खालूनच पाहायचा. त्याऐवजी संध्याकाळी बसनं समोरच्या टेकडीवर जायचं. तिथून नदी, पूल आणि घुमट एका नजरेत येतात.

पोन्ते व्हेक्क्यो हा पूल 1345 सालचा. त्याच्यावर सराफांची दुकानं आहेत. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं आर्नोवरचे बाकीचे पूल उडवले, हा एक ठेवला. त्याच लढाईत शहराजवळच्या माँतेगुफोनीच्या गढीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांचा मुक्काम होता. उफ्फीत्सीतली मौल्यवान चित्रं तिथं लपवून ठेवली होती. बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ही त्यांत होतं. गावाकडून आलेल्या आपल्या पोरांनी त्या वसंताच्या चित्राजवळ पहारा दिला. उफ्फीत्सीत त्या चित्रासमोर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

आता वहीतल्या त्या मिटलेल्या पानाकडं येतो.

माझा थोरला भाऊ मस्कतला गवंडीकाम करायचा. एका उन्हाळ्यात तो तिथंच गेला. सोबतच्या कामगारांनी, त्यात मल्याळी होते, पाकिस्तानी होते, नमाज पढून त्याला मूठमाती दिली. आम्हाला फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आमच्यापैकी कुणीही त्याची कबर पाहिलेली नाही. आई जाईपर्यंत एकच विचारत राहिली, ‘‘नीट केलं असेल ना रे त्यांनी?’’ याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही नाही.

वीस वर्षांच्या राजाचं त्या परक्या शहरात नीट झालं, त्याच्या रीतीनं झालं, आणि दीडशे वर्षांनंतरही ती जागा जपलेली आहे. हे मला डोळ्यांनी पाहायचं आहे. राजाचं झालं म्हणून गवंड्याचंही झालं असेल, असा हिशेब नसतो, हे मला कळतं. तरी पाहायचं आहे.

एका रात्री मी हे सगळं बेगमला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘शेवटच्या दिवशी ठेवू नका. पाऊस आला, गाडी चुकली तर राहून जाईल. पहिल्याच दिवशी जाऊ.’’

मी वही उघडली आणि गुरुवारच्या पानावर लिहिलं: सकाळी काशीने बाग, छत्री. बाग साडेतीन किलोमीटर लांब, छत्री पार पश्चिम टोकाला. ट्राम अलीकडंच सोडते, म्हणून टॅक्सी.

पुढच्या आठवड्यात व्हिसासाठी मुंबईला जायचं आहे. कागद तयार आहेत. काल बेगमनं जावयाला फोन करून एकच चौकशी केली, छत्रीपाशी बसायला बाक आहे का.