बोलावणं घरापर्यंत जावं



स्वागत समितीच्या वतीने भंडारदऱ्यात आपलं मनःपूर्वक स्वागत. 1926 साली इथलं विल्सन धरण पुरं झालं. पण खालची शेतं भिजतात ती ओझर बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्यांमुळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मात्र आपल्याकडे कालव्यांवाचूनच्या पाण्यासारखी अजून धरणातच साठून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची ती कधीतरी झालेली आढळली.

बायका लाजतात, येत नाहीत, असं कारण सांगितलं जातं. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, त्याला उत्तर देतो. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांच्या सहभागाने तिथे 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणू शोधणाऱ्या चाचणीच्या गटातल्या सुमारे ऐंशी टक्के स्त्रिया तपासणीला आल्या. 2009 साली निष्कर्ष आले : एकदाच केलेल्या त्या चाचणीनंतर आठ वर्षांत या आजाराने 34 मृत्यू, नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या जवळपास तेवढ्याच गटात 64. संकोच तिथेही होताच. तरी बोलावणं नीट गेलं की बायका येतात.

एचपीव्ही चाचणी महाग, आणि अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेल्या पाहणीने त्याच अभ्यासात मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी हीच पाहणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. साधन साधं असेल तर हात तयार हवा आणि फेरी चुकता कामा नये. उपकेंद्रावर आधीच कामाचा डोंगर आहे, हेही खरं. म्हणूनच शिबिरांचे आकडे वाढवण्यापेक्षा आशाताईंच्या घरोघरच्या नोंदींतून तिशीपुढच्या स्त्रियांची एकच यादी करावी : कुणाला बोलावलं, कोण आली, दोष सापडलेल्या कुणावर उपचार पुरे झाले. शेवटचा रकाना कोरा राहिला, तर पहिले दोन भरूनही त्या बाईचा जीव वाचत नाही. इथल्या रतनवाडी-घाटघर गावांतल्या बाईला भाताच्या आवणीत बोलावून ती आली नाही, तर चूक तारखेची समजावी.

संमेलनाच्या या दोन दिवसांत चर्चा भरपूर होईल. परतताना प्रत्येकाच्या हाती आपल्या उपकेंद्राच्या यादीचा आराखडा असावा, एवढीच यजमानांची अपेक्षा.