आधी पाणी, मग प्राणी

मानेशी पिसांसारखे झुपकेदार कल्ले आणि सदा हसरे तोंड, असा अॅक्सोलॉटल मुले चित्रात पाहतात. मग ‘गुरुजी, शाळेत एक पाळू या ना!’ असा हट्ट सुरू होतो. शिक्षक बंधुभगिनींनो, होकार देण्याआधी थोडे ऐकून घ्या.

हा मासा नव्हे. बेडकाचा दूरचा भाऊबंद. मूळचा मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. तिथे १९९८ साली चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० प्राणी असल्याचा अंदाज होता. २०१४ मध्ये तो ३६ वर आला. पाणी बिघडले आणि बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी पिल्ले खाल्ली. म्हणजे या प्राण्याचे सारे सुखदुःख पाण्यात आहे.

टाकी कशी हवी? एकासाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि पाणी फूटभर. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण तो तळाशी चालतो. तळाला खडे नकोत; घासाबरोबर गिळले की आतडे तुंबते. बारीक वाळू घाला, नाहीतर तळ मोकळा ठेवा. लपायला मातीचे आडवे मडके द्या. उजेड मंद, पाण्याची धार सौम्य. सोबतीला मासे नकोत, ते त्याचे कल्ले कुरतडतात. खाऊ म्हणजे स्वच्छ जागचे गांडूळ.

आता मुख्य गोष्ट. विष्ठेतून अमोनिया होतो, तो त्याला विषासारखा. शेतात युरिया टाकल्यावर मातीतले जीवाणू जे काम करतात, तेच इथे पाणी गाळणाऱ्या यंत्रात होते: अमोनियाचे नायट्राइट, आणि त्याचे कमी घातक नायट्रेट. पण हे जीवाणू वाढायला ४ ते ८ आठवडे लागतात. तोवर क्लोरीन घालवलेले पाणी भरून यंत्र चालू ठेवा, अधूनमधून चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. ते कुजले की जीवाणूंना अन्न मिळते. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आले, की मगच प्राणी आणा. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. सगळे एकदम नको.

आणि उष्णतेचे काय? त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवते; २४ च्या वर जीव धोक्यात. आपल्याकडे वैशाखात वर्ग कसा तापतो, हे तुम्हांला सांगायला नको. पंख्याने पाणी दोनचार अंश उतरेल, पुरेसे नाही. थंड करणारे यंत्र हवे, आणि वीज गेली की तेही बंद. सुट्टीत पाहणार कोण, हा प्रश्न निराळाच. शिवाय परदेशी संरक्षित प्राणी बाळगायचा, तर सरकारदरबारी नोंद करावी लागते.

एवढी तजवीज होत नसेल, तर मुलांना स्पष्ट ‘नाही’ म्हणा आणि कारण समजावून सांगा. तोही एक पाठच आहे. पहिल्या पावसानंतर त्यांना डबक्याकाठी न्या. बेडूकमाशाला पाय फुटतात, शेपूट जिरते, तो जमिनीवर येतो. अॅक्सोलॉटल मात्र मोठा झाला तरी कल्ले घेऊन पाण्यातच राहतो. हा फरक टाकीवाचूनही शिकवता येईल.