सालीवरची राखण

चवदार तळ्याच्या गावात, महाडात, स्वच्छतेविषयी बोलायचं तर पुरावा हाताशी ठेवून बोललं पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी प्राशन केलं आणि त्यानंतर तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी शुद्धीचा विधी केला. पाण्यात नेमकं काय बिघडलं, हे दाखवण्याची गरज त्यांना वाटली नाही. आज माझा विषय साधा आहे, काढलेल्या फळाचं कुजणं. पण तिथेही ‘धुतलं की निर्मळ झालं’ ही समजूत प्रयोगापुढे टिकलेली नाही.

अमेरिकेचे चार्ल्स विल्सन आणि इस्राएलचे एडो चालुत्झ यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. लिंबूवर्गीय फळांच्या सालीचं धुवण त्यांनी प्रयोगशाळेतल्या थाळीत वाढवून पाहिलं. धुवण होतं तसं दाट घातलं, तर फक्त यीस्ट आणि जिवाणू उगवले. तेच पातळ करून घातलं, तर कुजवणारी बुरशी वर आली. म्हणजे बुरशी सालीवर होतीच, पण यीस्टच्या गर्दीत तिला डोकं वर काढता येत नव्हतं. आणि धुऊन सुकवलेली फळं न धुतलेल्या फळांपेक्षा लवकर कुजत होती!

हे घडतं कसं? आंबा काढताना सालीला काडी लागते, बारीक ओरखडा पडतो, रस पाझरतो. बुरशीचा बीजाणू त्या रसावरच रुजतो, पण रुजायला त्याला काही तास लागतात. यीस्ट एकपेशीय, कळ्या फुटाव्यात तशी वाढत जाते आणि तेवढ्या वेळात जखमेतली साखर फस्त करते. काही यीस्ट बुरशीच्या तंतूंना चिकटून त्यांची भिंत विरघळवणारी विकरं सोडतात. मेच्निकोविया पुल्चेरिमा नावाची यीस्ट तर भोवतीचं लोह बांधून टाकते. थाळीत तिच्याभोवती लालसर कडं दिसतं आणि त्या कड्यात बुरशीची उपासमार होते. शिवाय यीस्टच्या सहवासाने फळाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते.

म्हणून मी यीस्टला औषध म्हणत नाही, राखणदार म्हणतो. औषध मागाहून दिलं तरी चालतं. राखणदार चोराच्या आधी पोचावा लागतो. कॅन्डिडा ओलिओफिलापासून केलेलं ‘अस्पायर’ हे उत्पादन १९९५ साली अमेरिकेत नोंदवलं गेलं, तरी ते बाजारात टिकलं नाही. एकट्या यीस्टकडून रासायनिक बुरशीनाशकाइतका खात्रीचा परिणाम दर वेळी मिळत नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

आपल्या हापूसची अडचण या आधी पोचण्यातच आहे. करप्याची बुरशी मोहोरावर आणि कोवळ्या कैरीवरच येऊन बसते, सालीत शिरते आणि फळ पिकेपर्यंत निपचित राहते. अढीत पाचव्या-सहाव्या दिवशी जे काळे डाग दिसतात, ती लागण कधीचीच झालेली असते. तिथे तोडणीनंतर लावलेली यीस्ट उशिरा पोचते. करप्यासाठी फळं ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून काढण्याची पद्धत आहे. ती उपयोगी पडते. मात्र त्या उष्णतेने सालीवरची उपकारक वस्तीही मरते. माझ्या मते यीस्टची खरी जागा ही आहे: गरम पाण्यानंतर, मोकळ्या झालेल्या सालीवर. आणि साक्याला, म्हणजे गर आतून बिघडण्याला, यातलं काहीच लागू पडत नाही, कारण साका बुरशीने होतच नाही.

स्ट्रॉबेरीला गरम पाणीही सोसत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आंबेनळी घाटाने पोलादपुरात उतरते, तेव्हा खोक्यातल्या एका फळावर करडी बुरशी असली की शेजारची चार फळं धरते. ही बुरशी शीतपेटीच्या गारव्यातही वाढते आणि फुलातूनच आत शिरते. तिथे यीस्टची फवारणी फुलोऱ्यापासूनच व्हायला हवी. मला कुणी विचारलं, तर मी कामाला तिथून सुरुवात करेन.

कृपा करून बेकरीतली यीस्ट आणून आंब्यावर शिंपडू नका. नेमका वाण निवडावा लागतो. माणसाच्या अंगच्या उष्णतेत, ३७ अंशांना, जोमाने वाढणाऱ्या यीस्ट पहिल्याच चाळणीत बाजूला काढलेल्या बऱ्या, कारण कॅन्डिडाच्या काही जाती आपल्याला रोग देतात. विक्रीसाठी तर कायद्याने नोंदणी लागते. आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने देठासकट आंबा काढला, तर राखण करायला जखमाच कमी उरतात.

पण नेमक्या वाणाचा शोध कुणी घ्यायचा? पोलादपूरच्या वाड्यांवर कधीच फवारणी न झालेले रायवळ आंबे आहेत. त्यांच्या सालीवरची यीस्ट आपल्या दमट हवेत तगलेली असते. परदेशी वाणाला ती हवा सोसेलच असं नाही. महाडच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी मे महिन्यात ती वेगळी करावी. एकसारख्या आकाराचे, एकाच दिवशी काढलेले आंबे घ्यावेत, प्रत्येकाला सारखी टोचणी द्यावी. निम्म्यांच्या जखमेत यीस्टचा थेंब, निम्म्यांच्या जखमेत नुसतं निर्जंतुक पाणी. नंतर सगळ्यांवर कुजवणाऱ्या बुरशीचे बीजाणू सोडून फळं गार खोलीत न ठेवता घरच्या पडवीत ठेवावीत आणि रोज सकाळी डागाची रुंदी मोजून वहीत लिहावी.