तारका कुणी खोडली?



अध्यक्षपद एकदाच मिळतं, म्हणून आभार आटोपते घेतो. एकवीस वर्षं मनात आहे ते आज बोलणार.

इंग्रजी 'वॉज'च्या मुळावर मी लेख लिहिला होता. त्याचा आदिजर्मानिक पूर्वज *वेसनं. हे रूप कुठल्याही पोथीत नाही. गॉथिक 'विसन', जुनं इंग्रजी 'वेसन' ताडून ते उभं केलेलं आहे, म्हणून त्याआधी तारका. लेख छापून आला तेव्हा एकही तारका शिल्लक नव्हती. अंदाजाचं बेलाशक सत्य झालं! वर याच धातूच्या संस्कृत 'ऊषुः'मधल्या ऊखालची अनुदात्ताची रेघही शाईचा डाग समजून पुसली होती. मुद्रितं तपासणारे माझे मित्रच. दिवाळीची घाई होती, त्यांना मी बोल लावत नाही. खोडणाऱ्या हाताला लावतो.

त्या रेघेतच सगळं आहे हो! एकवचनी 'वॉज', अनेकवचनी 'वेअर'. स गेला कुठे, र आला कुठून? ग्रिमच्या 1822 च्या व्यंजनबदलाच्या नियमाकडे उत्तर नव्हतं. डेन्मार्कचा कार्ल वेर्नर एका दुपारी झोप येईना म्हणून बॉपचं तुलनात्मक व्याकरण चाळत पडला आणि त्याला संस्कृत 'पितर्' व 'भ्रातर्'वरचे स्वर दिसले. एकात उदात्त शेवटी, दुसऱ्यात आरंभी. म्हणून गॉथिकात 'फादार'ला द, 'ब्रोथार'ला थ. तेच इथे, 'वस्' म्हणजे राहणे या धातूत. एकवचनी 'उवास'मध्ये उदात्त वा-वर, तिकडे 'वॉज'मध्ये स टिकला. अनेकवचनी 'ऊषुः'मध्ये उदात्त शेवटी, तिकडे 'वेअर'मध्ये स मऊ होऊन र झाला. वेर्नरचा लेख आणि आपल्या भांडारकरांची मुंबईतली भाषाशास्त्रावरची विल्सन व्याख्यानं, दोन्ही 1877 च्या आसपासची. आणि आपण रेघा पुसतो!

आजोबा संथा देताना माझी मान धरत. अनुदात्ताला खाली दाबत, स्वरिताला वर उचलत. स्वर चुकला की बोटं रुतत. ती रेघ माझ्या मानेत आहे, मला ती डाग कशी वाटेल?

समोर बसलेले काही विद्वान इंग्रजीला संस्कृतची लेक ठरवतात, आणि 'होते'वाला 'वेअर' व 'नेसणे'वाला 'वेअर' एकाच खुंटीला टांगतात. वस्ती आणि वस्त्र यांचे धातू वेगळे आहेत, महाशय! धातुपाठ उघडायचे कष्ट घ्या.

'वस्ती'वाल्या धातूचा मूळ अर्थ रात्र काढणं. तो इंग्रजांनी हरवला, जर्मनांनी हरवला. आपण गावात रात्री मुक्कामाला येणाऱ्या एसटीला आजही 'वस्तीची गाडी' म्हणतो. पहाटे साडेपाचला ती सुटते तेव्हा तिच्या टपावर दव असतं, कंडक्टर देवळाच्या ओट्यावरून उठून येतो. हा अर्थ आपल्याकडे जिवंत आहे, आणि आपल्या कोशांत त्याला दोन ओळी!

या संमेलनाच्या इतिवृत्तात माझं भाषण तारकेसकट, रेघेसकट छापा. मुद्रितं माझ्या घरी पाठवा. मी स्वतः तपासणार आहे.