कोठारात नाही ते खोटं
(नगरच्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्याचं नाव 2024 साली बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मग 1962 च्या एखाद्या खरेदीखतावर 'जिल्हा अहमदनगर' लिहिलंय, ते आता खोटं झालं काय? नाही. तेव्हा ते खरंच होतं. विधान नुसतं खरं नसतं, ते अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत खरं असतं. एवढं कळलं की कॉम्प्युटरच्या पोटातलं निम्मं तर्कशास्त्र कळलं. उरलेलं निम्मं तलाठ्याच्या दप्तरात आहे.

फ्रान्समधल्या मार्सेय शहरात 1972 साली प्रोलॉग नावाची कॉम्प्युटरची भाषा तयार झाली. तिच्यात मशीनला विधानं सांगायची असतात. विधानांच्या जाती दोन. (माणसांच्या नाहीत, घाबरू नका.) एक वस्तुस्थिती: हा गट वतनाचा आहे. दुसरा नियम: जमीन वतनाची असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. दोन्ही कोठारात टाकली की तिसरं मशीन आपणहून काढतं: हा गट परवानगीशिवाय विकता येत नाही. विधान घालायचं तर असर्ट, काढायचं तर रिट्रॅक्ट. पण त्याला एक वंगाळ खोड आहे. जे कोठारात नाही ते मशीन खोटं धरतं. 'मला ठाऊक नाही' असं त्याला म्हणताच येत नाही.

आता सातबारा घ्या. तोही विधानांचं कोठारच. नावाच्या शेजारी गोलात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. गाव नमुना 6 उघडला की त्या नंबरापुढं कारण सापडतं: खरेदी, वारस, वाटप, कोर्टाचा हुकूम. तलाठी नोंद घालतो, चावडीवर नोटीस लागते, हरकतीला 15 दिवस मिळतात, हरकत आली तर ती वादाच्या रजिस्टरात जाते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. ही पद्धत आपल्या प्रेमापोटी कुणी काढली नाही, सारा वसूल व्हावा म्हणून काढली. तरी तिच्यात शहाणपण आहे. प्रोलॉगच्या रिट्रॅक्टला एवढीही अक्कल नाही. त्यानं विधान काढलं की मागं खूणसुद्धा राहत नाही.

पुढं हाताने लिहिलेले उतारे टाइप झाले. कुठं नाव गळलं, कुठं क्षेत्राचा टिंब सरकला. सरकारलाही ते मान्य करावं लागलं. 2017 साली गावोगाव चावडीवाचन झालं, दुरुस्तीसाठी प्रोग्रॅममध्ये एडिट आणि री-एडिट आलं. नाव गळलं की माणूस बोंब मारतो. इतर हक्काच्या रकान्यातला शेरा गळला तर कोण बोंब मारणार?

हा शेरा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक पाहिजे. 1874 च्या कायद्यानं महार वतनाच्या दोरीला बांधलेला होता. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात ती दोरी सैल करायला बिल आणलं. वतन कायद्यानं मोडलं 1958 च्या कायद्यानं. आकाराच्या तिप्पट रक्कम भरली की जमीन पुन्हा मिळे, पण भोगवटादार वर्ग 2 म्हणून, विक्रीवर बंधन ठेवून. ते बंधन उताऱ्यावर शेरा होऊन बसतं. टाइप करताना तो शेरा गळला तर नियम कुणी रद्द केलेला नसतो, तो जागेवरच असतो. फक्त त्याला लागणारी वस्तुस्थिती कोठारात नसते. मशीन म्हणतं, खुशाल विका. खोटं कुणीच बोललेलं नसतं, आणि जमीन गेलेली असते. कायदा बदलायला विधानसभा लागते. शेरा गळायला एक दुपार पुरते.

आता घरातलं बोलू. 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप बिनमृत्युपत्राचा मेला तर त्याच्या वाट्यात विधवा, मुलगा, मुलगी सारख्या हिश्श्याचे वारस. नियम चोख आहे. पण वारस नोंदीच्या अर्जात भावांनी बहिणीचं नावच घातलं नाही तर कोठाराच्या लेखी ती जन्मलीच नाही. इथं तलाठ्याला शिव्या देऊ नका. हे आपण करतो, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात बसून करतो.

महसूल संहितेचं कलम 157 सांगतं, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत लिहिलेली नोंद खरी मानायची. म्हणजे सिद्ध करायचं ओझं ज्याचं नाव गळलं त्याच्याच डोक्यावर. टायपिंगची चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करा. फेरफारच चुकीचा प्रमाणित झाला असेल तर 155 पुरत नाही, प्रांताकडे अपील लागतं. दोन्हींची गल्लत केली की तारखांवर तारखा.

आणि डिजिटल सहीला भुलू नका. ती एवढंच सांगते की हा कागद कोठारातूनच निघाला आणि वाटेत कुणी बदलला नाही. कोठारातलं बरोबर आहे की नाही याची ती हमी देत नाही. जुना हस्तलिखित उतारा, फेरफाराची नक्कल आणि आजचा सातबारा, तिन्ही शेजारी ठेवून वाचा. नक्कल मागताना गट नंबराबरोबर जुना सर्व्हे नंबरही लिहा. एकत्रीकरणात नंबर बदललेत, आणि कारकून फक्त एवढंच म्हणेल: असा नंबर सापडत नाही.