सेवेचे मोजमाप

सेवाक्षेत्रातील कामगार स्पर्धेत उतरतो काय, असे विचारले जाते. गिरणी कामगाराची उत्पादकता कापडाच्या वारांत मोजता येते. अंगणवाडी सेविकेची कशात मोजणार? ज्या सरकारी सेवेला बाजारभाव नाही, तिचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिच्यावरील खर्चाइतकेच धरतात. म्हणजे मानधन तुटपुंजे म्हणून मूल्य अल्प. आणि मूल्य अल्प म्हणून मानधन तुटपुंजे! हे दुष्टचक्र शास्त्राच्या नावाने चालते. ही योजना १९७५ साली सुरू झाली. सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य होण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा निकाल यावा लागला. किती बालके कुपोषणातून सावरली, हे आधी मोजा. मग सेविकेच्या कार्यक्षमतेविषयी बोला.